पळवाट नसलेला कागद

परंतुकरावांनी दार उघडलं, तर समोर एक बाई उभी होती. आखूड कापलेले तांबूस केस, अंगात लांब कोट, हातात चाकांची बॅग. बाई तोंडभर हसत होती. दारोदार वस्तू विकणारी माणसं असंच हसतात, हे परंतुकरावांना अनुभवाने माहीत होतं, म्हणून त्यांनी दार अर्धंच उघडं ठेवलं.

"आम्हाला काही घ्यायचं नाही," ते म्हणाले.

बाईला आणखीच हसू आलं. "बरं, घेऊ नका. मला आत तर घ्याल?"

"हे बघा, पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे आमच्याकडे. झाडायचं आहे, पुसायचं आहे. वरच्या मजल्यावर विचारा, त्यांच्याकडे काहीच नाही."

दार लावून ते वर्तमानपत्राकडे परतले. बेल पुन्हा वाजली. या खेपेला त्यांनी दार न उघडताच आतून बजावलं, की सभ्यपणे सांगतोय तोवर ऐका. बाहेर एकदम शांत झालं. एका चिवट विक्रेतीला आपण आवाज न चढवता वाटेला लावलं, या समाधानात त्यांनी अग्रलेख वाचून संपवला.

वीस मिनिटांनी बायको बाजारातून आली. तिच्याबरोबर तीच बाई होती आणि ती आता हसत नव्हती.

"अहो, हिला जिन्यात काय बसवून ठेवलंत?" बायको म्हणाली.

"कोण आहे ही?"

बायकोने पिशवी हळूच खाली ठेवली. "माझी सख्खी बहीण आहे."

परंतुकराव खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच अर्धे राहिले. मेहुणी दोन वर्षांपूर्वी नोकरीच्या बदलीवर दूरच्या शहरात गेली होती. गेली तेव्हा तिच्या पाठीवर लांब वेणी होती, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता आणि अंगावर आजच्यापेक्षा वीस किलो वजन जास्त होतं. या तिन्ही गोष्टी ती तिकडेच ठेवून आली होती. चकित करायचं म्हणून न कळवता आली होती आणि तेवढं मात्र तिला साधलं होतं.

तिथल्या तिथे सगळे हसले असते तर प्रकरण चहाबरोबर संपलं असतं. बायको हसायच्या बेतात होतीही. पण मेहुणी दुखावली होती. तिने कपात बिस्किट बुडवलं आणि कपाकडेच बघत विचारलं, "भाऊजी, तुमचा तो कागद आहे ना, त्या यादीत माझं नाव आहे ना हो?"

बिस्किट मोडून चहात पडलं.

तो कागद समजायचा तर परंतुकराव समजायला हवेत. जमिनींचे आणि घरांचे दस्त लिहून देण्यात त्यांची सदतीस वर्षं गेली होती. दस्तात 'परंतु असे की' अशी सुरुवात होणारं एक कलम असतं, त्याला परंतुक म्हणतात. समोरच्या पक्षाला निसटायला जी काही फट राहिली असेल ती या कलमाने बुजवायची असते. हे कलम त्यांच्याइतकं घट्ट कुणी लिहीत नसे, म्हणून नोंदणी कचेरीतल्या लोकांनी त्यांना परंतुकराव करून टाकलं होतं. आपण लिहिलेल्या एकाही कागदाला आजवर पळवाट सापडलेली नाही, हे ते लग्नकार्यातसुद्धा सांगत.

गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त मुख्याध्यापक हळूहळू सगळं विसरायला लागले. चांगले होते तेव्हा हे गृहस्थ रोज म्हणायचे, की माझं डोकं चालेनासं झालं तर मी आपण होऊन वृद्धनिवासात जाईन, घरच्यांना त्रास देणार नाही. प्रत्यक्ष न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी अशी धरली, की बोटं सोडवायला चौघं लागले. त्या चौघांत परंतुकराव होते. दया तर त्यांना आलीच, पण त्याहून जास्त राग आला.

"माणसं चांगल्या दिवसांत वाटेल ते बोलतात," घरी येऊन ते म्हणाले, "आणि वेळ आली की चौकट धरतात. मी धरणार नाही. मी लिहून ठेवतो."

आणि त्यांनी लिहून ठेवलं. सोबत जोडलेल्या यादीतल्या कोणत्याही एका व्यक्तीला मी एकदा जरी ओळखलं नाही, तर तीन दिवसांच्या आत मला नदीपलीकडच्या वृद्धनिवासात पोचवावं. त्या वेळी मी जे बोलेन ते आजाराचं लक्षण समजावं. मी गप्प राहिलो तर तेही लक्षण समजावं. डॉक्टरांचा दाखला मानू नये, कारण मी कोणत्याही डॉक्टरला बोलण्यात गुंडाळू शकतो. परंतु असे की, घरच्यांपैकी कुणी दया दाखवली, तर ती व्यक्ती माझी हितचिंतक नाही असं समजावं.

यादीत मेहुणीचं नाव सहावं होतं. आपल्या बहिणीला वगळलं म्हणून बायकोला वाईट वाटू नये, या एकाच विचाराने ते घातलं होतं.

संध्याकाळी मुलगी आली. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि चिठ्ठी असल्याशिवाय बापालासुद्धा खोकल्याची बाटली देत नसे. तिने सगळं ऐकून घेतलं, कपाटातली फाइल काढली आणि कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"बाबा, यात 'एकदा जरी' लिहिलंय."

"ते मीच घातलंय. वकील म्हणत होता 'वारंवार' लिही. वारंवार म्हणजे किती वेळा? त्यात पळवाट राहते."

"मग आता?"

"आता काय? अगं, ही ओळखू येण्यासारखी राहिली आहे का? ही आधी कशी होती आणि आता कशी झालीय, बघ तरी."

मेहुणीने मान वर केली. "आधी कशी होते मी?"

सदतीस वर्षांत परंतुकरावांना कधी शब्द कमी पडला नव्हता. या वेळीही पडला नाही, पण जो सापडला तो 'भरदार' होता. मेहुणी उठून भाचीच्या जुन्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.

"मी अगदी व्यवस्थित आहे," परंतुकराव म्हणाले.

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाबा, तुम्ही माझ्याकडून वचन घेतलंय. मी रडत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, की त्या वेळी मी कितीही गयावया केली तरी ऐकू नकोस, नाहीतर माझी मुलगी नाहीस. आठवतंय ना?"

"आठवतंय. लख्ख आठवतंय. म्हणजे माझी आठवण शाबूत आहे, हे सिद्धच झालं की."

"जुनं आठवतं," मुलगी डोळे पुसत म्हणाली, "नवं जातं. तसंच असतं ते."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही आणि ते मुक्कामाला राहिलेल्या मुलीने एका वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी परंतुकरावांनी आपली हुशारी दाखवायचं ठरवलं. नाश्त्याला त्यांनी सगळ्या नातेवाइकांचे फोन क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवले. ते बरोबर होते, पण कुणी न विचारता माणूस फोन क्रमांक म्हणतोय, हे बघून मुलीचा चेहरा पडला. मग त्यांनी सहज गप्पा माराव्यात म्हणून शेजाऱ्याला हाक मारली आणि त्याच्या कुत्र्याची चौकशी केली. कुत्रा मागच्या महिन्यात गेला होता. परंतुकराव त्याला पुरायलासुद्धा गेले होते, पण आदल्या दिवसापासून त्यांचं डोकं कागदाच्या कलमांत अडकलं होतं. शेजारी कसनुसा झाला. मुलीने वही उघडली. शेवटी त्यांनी गप्प बसायचं ठरवलं आणि अर्धा तास गप्प बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की त्यासाठीही आपण एक कलम घातलेलं आहे.

या सगळ्यात बायको काहीच बोलत नव्हती. ती शिवणकाम करणारी बाई, गल्लीतले निम्मे कपडे तिच्या मशीनखालून गेलेले. परंतुकरावांना वाटत होतं, की ही आता हसेल आणि म्हणेल, पुरे झाला तमाशा. दुपारी ते तिच्या खोलीत डोकावले, तर तिच्या मांडीवर त्यांच्या सात बनियनांची चळत होती आणि ती एकेका बनियनच्या गळ्यामागे काहीतरी शिवत होती.

"हे काय करतेयस?"

"तुमच्या नावाची अक्षरं. निवासाच्या पत्रकात लिहिलंय, प्रत्येक कपड्यावर हवीत म्हणून. धुवायला एकत्र जातात ना, अदलाबदल होते."

परंतुकराव दारातच उभे राहिले. "तू मला खरंच पाठवणार?"

"कागद तुमचा आहे." तिने दोरा दातांनी तोडला. "लाल चालेल ना? काळा संपलाय."

हा धक्का त्यांना सगळ्यांत मोठा बसला. मुलगी रडत होती हे समजण्यासारखं होतं. मेहुणी रुसली होती तेही समजण्यासारखं होतं. पण चाळीस वर्षांचा संसार केलेली बायको दोऱ्याचा रंग विचारते, याला काय म्हणावं ते त्यांना कळेना. ते चपला घालून थेट आपल्या वकील मित्राकडे गेले.

वकिलाने कागद दिव्याखाली धरला आणि दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याने चष्मा काढून पुसला.

"वा," तो म्हणाला.

"वा काय? फट कुठे आहे ते सांग."

"फट नाहीये. अरे परंतुक, तुझे एवढे कागद मी पाहिले, पण हा सगळ्यांत वरचा. बोललास तरी लक्षण, नाही बोललास तरी लक्षण. डॉक्टरचाही रस्ता बंद. मला याची एक प्रत दे. माझ्याकडे येणाऱ्या नव्या पोरांना दाखवतो."

"मला यातून बाहेर पडायचंय."

"मग दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्यायचा होतास," वकील कळवळून म्हणाला. "आणि खाली बघ, साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी तुला मदत केली तर उद्या माझ्या सहीला काय किंमत राहील?"

"फाडून टाकला तर?"

"दोन प्रती आहेत. एक निवासात जमा आहे. तूच देऊन आलास."

परंतुकराव आले तसे परत गेले. वाटेत त्यांना मुख्याध्यापकांचं घर लागलं. ती चौकट आता रंगवलेली होती. नेहमी ते तिथून मान ताठ करून जात, आज त्यांनी रस्ता ओलांडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीने गाडी दाराशी आणली. बॅग भरली होती. परंतुकरावांनी दाढी केली, तपकिरी स्वेटर घातला, देव्हाऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि बाहेर निघाले. निदान जाताना तरी दिलेल्या शब्दाला जागायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. उंबऱ्यापाशी आल्यावर पाय का पुढे जात नाहीत म्हणून त्यांनी पाहिलं, तर त्यांचा उजवा हात चौकटीवर होता. नुसता टेकलेला नव्हता. बोटं पांढरी पडली होती.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली.

"वाळवी लागलीय का ते बघतोय," परंतुकराव म्हणाले आणि डाव्या हाताने उजवा हात सोडवला.

मेहुणीही निघाली. तिचा राग आदल्या रात्रीच उतरला होता आणि त्या जागी आता अपराधीपणा बसला होता. आपण तेव्हा कागदाचं नाव काढलं नसतं तर हे काहीच झालं नसतं, हे ती बहिणीला पाच वेळा म्हणाली होती. पण भाऊजींशी बोलायचं तर तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ती पुढे भाचीशेजारी बसली आणि सगळा वेळ मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिली. मागे नवरा-बायको. पूल आला तेव्हा परंतुकराव म्हणाले, "नदीला पाणी बरंय यंदा." हेही वहीत जाणार का, असा विचार करत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

निवासाच्या कचेरीत व्यवस्थापिका बाई फोनवर कुणाशी तरी गाद्यांबद्दल बोलत होत्या. मेहुणी आत आली नाही, बागेत थांबते म्हणाली. मुलीने कागद टेबलावर ठेवला. बाईंनी फोन खांद्याने धरून तो चाळला, मग फोन ठेवला आणि परंतुकरावांकडे नीट पाहिलं.

"कोणाला दाखल करायचंय?"

"मला," परंतुकराव म्हणाले.

"तुम्ही स्वतः आलात?"

"कागदात तसं लिहिलंय."

बाई उठल्या. कपाटातून त्यांनी एक जाडजूड बॉक्स फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. "तुमचा सोडून असे एक्केचाळीस कागद आहेत आमच्याकडे. गेल्या अकरा वर्षांतले. लोक येतात, खोली बघतात, बागेचं कौतुक करतात, माझं डोकं चालेनासं झालं तर मला इथे आणा म्हणून लिहून देतात. डॉक्टर आहेत यात, प्राध्यापक आहेत, एक न्यायाधीशसुद्धा आहेत." त्यांनी फाइलवरची धूळ हाताने पुसली. "या कागदांप्रमाणे आजवर एकही आलेला नाही. इथे जे राहतात ते सगळे वेगळ्याच कारणांनी आलेत."

"एकही नाही?" मुलीने विचारलं.

"काही जण विसरून गेले की आपण असं काही लिहिलंय. काही जणांच्या घरच्यांना धीर झाला नाही. बाकीच्यांनी फोनवर सांगितलं, की अजून तशी वेळ आलेली नाही. त्यांतल्या एकांनी मला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा पहिल्यांदाच केल्यासारखा. खरं सांगू का, पुढे काय करायचं असतं ते मलाच माहीत नाही. तुमच्यासाठी जी खोली ठेवलीय म्हणून दाखवतो ना, तिच्यात आम्ही खराटे ठेवतो."

बाईंनी घंटी वाजवून स्वयंपाकीण, नर्स आणि हिशेबनीस यांना बोलावलं. शब्दाला जागणारा माणूस कसा दिसतो ते बघायला तिघंही दारात उभी राहिली. नर्सने टाळी वाजवली. मागच्या व्हरांड्यात ऊन खात बसलेल्या पाच-सहा म्हाताऱ्यांनी काय झालं ते न कळताच टाळ्यांत भर घातली.

आणि परंतुकराव फुलले. तीन दिवस ज्या कागदाने त्यांचा जीव नकोसा केला होता, त्याचा त्यांना पुन्हा अभिमान वाटू लागला. ते उभे राहिले, स्वेटर खाली ओढला आणि म्हणाले, "यात माझं विशेष काही नाही. माणसाने जे लिहिलं ते पाळावं. एक्केचाळीस लोक जर फक्त बोलण्यापुरते—"

"सही कुठे करायची?" बायकोने मध्येच विचारलं.

बाईंनी दाखल करायचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. "इथे. आणून पोचवणाऱ्या नातेवाइकाची."

बायकोने पेन उचललं. परंतुकरावांनी त्या पेनाकडे पाहिलं. मग तिच्या बोटांकडे. सुईने टोचून टोचून तिच्या डाव्या हाताचं बोट खरखरीत झालेलं होतं, आणि सात बनियनांवर लाल अक्षरं काढताना ते आणखी दोन-तीनदा टोचलं असणार. आज संध्याकाळी ती त्या घरात एकटी जाणार होती. जिन्यातला दिवा लावायला तिला कधी आठवत नसे. दिवा तेच लावत.

"मला घरी यायचंय," परंतुकराव म्हणाले.

टाळ्या वाजवायला आलेली मंडळी जागच्या जागी थबकली. मुलीचा हात सवयीने वहीकडे गेला.

"काय म्हणालात?" बायकोने विचारलं.

"मला इथे राहायचं नाही. हे लक्षण समजायचं तर समजा. चौकट धरली म्हणायचं तर म्हणा. मला तुझ्याजवळ राहायचंय."

बायकोने पेन खाली ठेवलं. "मग मी सही करत नाही."

"तसं नाही करता येणार," परंतुकराव हताशपणे म्हणाले. "मी सगळं बंद करून ठेवलंय. माझं बोलणं धरायचं नाही, डॉक्टर नाही, दया नाही..."

"मी नाही म्हटलं तर काय, ते लिहिलंय का?"

परंतुकरावांनी कागद आठवायला घेतला. मनातल्या मनात त्यांनी पहिल्या कलमापासून सुरुवात केली. आपण आरडाओरडा करू, याचा विचार त्यांनी केला होता. मुलगी रडेल, याचा केला होता. डॉक्टर फितूर होतील, याचाही केला होता. पण पोचवणाऱ्या माणसाने साफ नकार दिला तर काय, हे कुठेच नव्हतं. यादीत सर्वांत वर बायकोचं नाव होतं आणि तिची सही कागदावर कुठेच नव्हती. त्यांनी तिला विचारलंच नव्हतं.

"पळवाट आहे," ते पुटपुटले. सदतीस वर्षांतली पहिली. त्यांचा चेहरा इतका उतरला, की नर्सने खुर्ची पुढे केली.

"पळवाट कसली," बायको म्हणाली. "तुम्ही मला सोडून जायचं टेबलावर बसून एकट्याने ठरवलंत, वर मला वाचून दाखवलंत, आणि कसं झालंय म्हणून विचारलंत. मी म्हटलं, छान झालंय. तुम्ही खूश झालात."

"मग तीन दिवस बोलली का नाहीस?"

"बघत होते, मला सोडून जाताना तुम्हाला काही वाटतं का. दुसऱ्या दिवशी म्हणाल वाटलं होतं. तुम्ही वकिलाकडे गेलात." तिने अर्ज बाईंकडे परत सरकवला. "खरंच विसरायला लागाल तेव्हा बघू. तेव्हासुद्धा मला विचारून."

मुलगी आता रडत हसत होती. तिने वहीची पानं फाडली आणि ती कुठे टाकावीत ते न सुचल्यामुळे पर्समध्ये ठेवली. व्यवस्थापिका बाईंनी परंतुकरावांचा कागद एक्केचाळीस कागदांच्या वर ठेवून फाइल बंद केली. त्यांना जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं. "खराटे हलवायला नकोत," त्या म्हणाल्या.

सगळे बाहेर आले. बॅग मुलीच्या हातात होती. गाडीपाशी पोचल्यावर परंतुकराव थांबले. पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तपकिरी स्वेटर, पट्टा नीट लावलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. मागच्या सीटवर मेहुणी होती, डोळ्यांना रुमाल लावून.

"भाऊजींचं आणि माझं सगळं मिटलंय," ती रुमालाआडून म्हणाली. "बागेत बसले होते एकटेच. मी माफी मागितली, हात धरून गाडीत आणलं. ते म्हणतात, मनात काही नाही. आता कागदाचं नावसुद्धा कुणी काढू नका."

"मावशी," मुलगी म्हणाली, "बाबा इथे आहेत."

मेहुणीने रुमाल काढला. आधी बाहेर उभ्या असलेल्या परंतुकरावांकडे पाहिलं, मग पुढच्या सीटवरच्या डोक्याकडे, मग पुन्हा बाहेर. तिचं तोंड उघडं राहिलं. बागेत बाकावर ती त्या गृहस्थांच्या शेजारी बसली होती आणि शरमेने सगळा वेळ समोरच्या फुलझाडांशीच बोलली होती. स्वेटर तेवढा पाहिला होता.

"ते स्वेटर आमच्याकडे पन्नास आहेत," मागून आलेल्या व्यवस्थापिका बाई म्हणाल्या. "कुणीतरी देणगी म्हणून दिले होते. आजोबा, तुम्ही इथे कसे?"

आजोबांनी काच खाली केली. "या बाई म्हणाल्या, चला घरी. मी म्हटलं, चला." मग ते म्हणाले, "माफी कशाबद्दल ते काही कळलं नाही. पण फार मनापासून मागत होत्या, म्हणून करून टाकली."

आजोबा उतरायची घाई करत नव्हते. ते समोरच्या फाटकाकडे बघत होते.

"यांना कुणी नाही?" परंतुकरावांनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं.

"आहेत कुठेतरी. सहा वर्षांत बाहेर जायच्या रजिस्टरमध्ये यांचं नाव एकदाही चढलेलं नाही."

परंतुकरावांनी बायकोकडे पाहिलं. या वेळी त्यांनी विचारलं. "नदीपर्यंत एक फेरी मारून आणायची का यांना? चहापर्यंत परत आणून सोडू."

"माझी हरकत नाही," बायको म्हणाली.

"बाहेर न्यायला नातेवाईक लागतो," बाई अडखळत म्हणाल्या. "नियम आहे. नातं लिहावं लागतं."

रजिस्टर आलं. परंतुकरावांनी ते गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, तारीख घातली, वेळ घातली, सही केली. 'नाते' या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. आयुष्यात त्यांनी कोणत्याही कागदावर एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. मुलगी आणि बायको वाट बघत उभ्या होत्या. मागच्या सीटवर मेहुणी, जिचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती, अजून त्या पांढऱ्या डोक्याकडे टक लावून बघत होती.

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि रजिस्टर मिटायला गेले, पण बाईंनी ते घेऊन मोठ्याने वाचलं. "नाते : साडू."

मेहुणी खालपासून वरपर्यंत लाल झाली. पण ती काही बोलली नाही आणि गाडीतून उतरलीही नाही. मुलीने गाडी सुरू केली. परंतुकराव मागे, बायको आणि मेहुणी यांच्या मधल्या जागेत अंग चोरून बसले. फाटक उघडलं तसे आजोबा सीटवर ताठ झाले, त्यांनी आरसा आपल्याकडे वळवून घेतला आणि त्यातून मागे पाहिलं.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "मागे जागा पुरतेय ना तुम्हाला?"